काळा रंग कोणाचा?

कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या मुलाला कर्करोग झाला, की घरचे बहुधा लोकलने परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात काय, किंवा अन्यत्र काय, सुई केव्हा टोचायची, उपाशी केव्हा राहायचे, हे मोठी माणसे ठरवतात. कागदावर कोणता रंग यावा, हे मात्र मूल ठरवते. तेथे त्याच्या ‘नको’लाही मान असावा. कलोपचाराचे मोल मला यातच दिसते. तो केमोथेरपीला पर्याय नव्हे. पण आपण साहित्याचे अभ्यासक काळा रंग दिसताच मृत्यूचे प्रतीक शोधू लागतो. ती घरची म्हैसही असू शकते! आधी मुलाला विचारावे. ते गप्प राहिले, तर तेही उत्तर मानावे.