अंगठा आणि उचल

साथीच्या दिवसांत प्रायोगिक लस टोचून घेण्यास माणूस राजी होतो, तेव्हा ती राजीखुशी कितपत त्याची स्वतःची असते, हा प्रश्न जुना आहे. प्लेगवरील लस डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील राजी कैद्यांना दिली. न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला, 6 दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना लागण झाली, मृत्यू एकही नाही. लस गुणकारी ठरली खरी; पण गजांआडच्या माणसाची स्वेच्छा ती कसली?

आज 2019 च्या नियमांनी लेखी संमती, इजा झाल्यास उपचार व भरपाई हे सारे बंधनकारक केले आहे. कागद निर्दोष आहे. तथापि बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरापुढे तो ठेवला, तर काय होईल? नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघेही बांधलेली. एका खाड्यालाही दंड. मुकादमाने शब्द टाकला की सारी टोळी रांगेत उभी राहील. घाईत असलेल्या संशोधकास ही सोय वाटेल. वस्तुतः धोका नेमका तिथेच आहे. शिवाय दुसऱ्या मात्रेच्या वेळी टोळी कोणत्या फडावर असेल, आणि ताप चढला तर बुडालेली मजुरी कोण देणार?

एखादी बाई 'नको' म्हणाली, तर ते अज्ञान समजू नये. शासनाने नेमलेल्या समितीस 2019 साली सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दवाखान्याच्या सल्ल्याकडे साशंकतेने पाहण्यास तिला सबळ कारण आहे.

म्हणून चाचणीची चर्चा टोळ्या निघण्यापूर्वी, गावातच, मुकादमाविना आणि स्त्रियांशी स्वतंत्रपणे व्हावी. कारखान्याच्या तळावरील देखरेख, बुडीत रोज आणि यशस्वी लसीवर त्या गावांचा पहिला हक्क, हे आधीच लिहून द्यावे. साथ आल्यावर एवढी सवड मिळत नाही. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा कारखान्यांवर अडकलेल्या याच मजुरांना गावी परतण्याची साधी परवानगी मिळायला तीन आठवडे लागले होते.