रक्ताचं नातं

ऑगस्टमधला एक शनिवार. दिघीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एकाच सकाळी दोन फोन झाले.

पहिला माझ्या रूममेटचा. ती चाकणच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. डिसेंबरमध्ये लग्न आणि उशीवर रोज सकाळी केसांचा पुंजका. तिने स्किन क्लिनिकला फोन करून पीआरपीच्या सहा सिटिंग्जचं पॅकेज विचारलं. दुसरा फोन खालच्या मजल्यावरच्या घरमालक काकूंचा. "अगं, डॉक्टर काकांच्या बोटाला पीआरपी करू म्हणतायत. म्हणजे काय गं? तू पेपरात लिहितेस ना?"

एकीला केसांसाठी, एकाला पायाच्या बोटासाठी. औषध एकच, आणि तेही स्वतःचंच रक्त!

काका भोसरी एमआयडीसीतून रिटायर झालेले. शुगर पंधरा वर्षांची. आषाढी वारीत माउलींची पालखी आमच्या मॅगझीन चौकातून पुण्याकडे जाते, तेव्हा काका आळंदीपासून दिघीपर्यंत चालतात. यंदा नवे बूट घातले. शुगरमुळे पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे बूट चावला ते कळलंच नाही. घरी आल्यावर मोजा लाल दिसला, तेव्हा कळलं. दीड महिना झाला तरी जखम तशीच. काकूंना झोप नव्हती, कारण नात्यातल्या एकाचं बोट असंच सुरू होऊन घोट्यापर्यंत गेलं होतं.

फंडा काय आहे?

पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. तुमचं थोडं रक्त काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेट्सनी भरलेला भाग घ्यायचा आणि हवा तिथे टोचायचा किंवा लावायचा. १९९८ मध्ये अमेरिकेतले सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाच्या ग्राफ्टमध्ये तो वापरून दाखवला आणि तिथून त्याचा बोलबाला झाला.

प्लेटलेट्स म्हटलं की आपल्याला डेंग्यू आठवतो. पण त्यांचं काम रक्त गोठवण्यापुरतं नसतं. त्यांच्या पोटात बारीक पुड्या असतात आणि त्यात व्हीईजीएफ, पीडीजीएफ अशी ग्रोथ फॅक्टर्स. जखम झाली की पुड्या फुटतात. व्हीईजीएफ शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला सांगतं, 'इकडे फांदी काढ.' पेशी सरकतात, वाढतात, नळी तयार होते. यालाच अँजिओजेनेसिस म्हणतात. बऱ्या होणाऱ्या जखमेत लालसर दाणेदार मांस दिसतं ना? तो लाल रंग या नव्या केशवाहिन्यांचा. त्या आल्या की ऑक्सिजन येतो, आणि मग कातडी.

पण बॉस, एक लोचा आहे!

त्याच पुड्यांमध्ये उलटा मालही असतो. एंडोस्टॅटिन, थ्रॉम्बोस्पॉन्डिन ही मंडळी नव्या वाहिन्यांना ब्रेक लावतात. म्हणजे जास्त प्लेटलेट्स म्हणजे जास्त फायदा, असं नाही. २००९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत तपासलं. मायक्रोलीटरला साधारण १५ लाख प्लेटलेट्स असताना अस्तराच्या पेशींनी सर्वांत छान नळ्या केल्या. त्याच्या फार वर गेल्यावर काम मंदावलं. आपल्या रक्तात नॉर्मली दीड ते साडेचार लाख असतात. आता सांगा, 'पॅकेज'मध्ये हा आकडा कुणी लिहितं का?

दुसरी गोष्ट. नवी फांदी फुटली तरी मेन लाइनला प्रेशर हवं. सोसायटीत नवे नळ बसवले आणि टाकीच रिकामी असेल, तर काय उपयोग? म्हणून काकांच्या डॉक्टरांनी आधी पायाची नाडी पाहिली, डॉप्लर केला. प्रवाह ठीक निघाला. मग मेलेली कातडी काढली, शुगर आवरली, बोटावर भार येणार नाही अशी खास चप्पल दिली. पीआरपीचा नंबर त्यानंतर.

तिसरी गोष्ट. वाहिन्या पायात हव्यात, पण शुगरवाल्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर त्याच वाहिन्या फुटल्या तर नजर जाऊ शकते. तिथे व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शन्स देतात. कॅन्सरची गाठही अशाच वाहिन्या ओढून वाढते, हे ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे कॅन्सर झालेला असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

मग चालतं का?

शुगरच्या जखमेत, थोडं. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या २०१८ च्या ट्रायलमध्ये रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेला प्लेटलेट्सचा पॅच दर आठवड्याला लावला. २० आठवड्यांत ३४ टक्के जखमा भरल्या. नेहमीच्या उपचारांनी २२ टक्के. फरक खरा आहे, पण पॅच लावूनही बऱ्याच जखमा भरल्या नाहीत, हेही खरं. गुडघेदुखीत मात्र २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ट्रायलमध्ये पीआरपी मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. केसांसाठी छोट्या ट्रायल्समध्ये फायदा दिसलाय, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी.

आणि स्वच्छता! अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये 'व्हॅम्पायर फेशियल' करून घेतलेल्या काही जणींना एचआयव्हीची लागण झाली. तो स्पा २०१८ मध्ये बंद झाला आणि २०२४ मध्ये सीडीसीने त्यावर अहवाल दिला. रक्त तुमचं असलं तरी सुई कुणाची, हे बघायलाच हवं.

पैसे भरण्याआधी एवढं विचारा:
- करणारा डॉक्टर आहे का? कशाचा?
- सुई आणि किट माझ्यासमोर उघडणार का?
- प्लेटलेट्स किती पट होतात? मोजता का?
- केस किंवा जखम का बरी होत नाही, याची तपासणी झाली का?

रूममेटने हे सगळं विचारलं. तिसऱ्या प्रश्नाला समोरून 'मॅडम, रिझल्ट शंभर टक्के' एवढंच उत्तर आलं. ती दुसऱ्या स्किन स्पेशालिस्टकडे गेली. हिमोग्लोबिन नऊ निघालं. सध्या लोहाच्या गोळ्या सुरू आहेत आणि पॅकेजचे पैसे शालूत गेलेत.

काकांची जखम निम्मी झालीय. श्रेय पीआरपीचं की चपलेचं, यावर खालच्या मजल्यावर रोज वाद होतो. काकूंचं मत चपलेला. पण रोज रात्री आरसा घेऊन काकांचे तळवे त्याच तपासतात, आणि हल्ली त्यांना झोप लागते.