क्रूझर घ्यावी, पण कोणत्या रस्त्यासाठी?

आपल्या तरुण व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना सध्या क्रूझर मोटारसायकलची मोठी हौस आहे. बुटकी सीट, रुंद हँडल, पाय पुढे टाकून आरामात बसायचे. कोणी बजाजची ॲव्हेंजर म्हणतो, कोणी रॉयल एनफिल्डची मीटिऑर. आम्ही कापडवाले, यंत्रातले जाणकार नव्हे. पण गाडीची रक्कम शेवटी दुकानाच्या गल्ल्यातूनच निघते, म्हणून व्यापाराच्या पानावर तिचा हिशेब मांडणे गैर ठरू नये.

ही गाडी मूळची अमेरिकेतल्या सरळ, मोकळ्या रस्त्यांची. आपल्याकडे २००१ साली बजाजने कावासाकीची एलिमिनेटर आणली. ती महाग होती. २००५ मध्ये तोच घाट ॲव्हेंजर १८० च्या रूपाने स्वस्तात मिळू लागला, आणि २०१० पासून २२० सीसीचे इंजिन आले. मीटिऑर ३५० नोव्हेंबर २०२० ची.

आता आपला लांबचा रस्ता कोणता, ते पाहू. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड या आपल्याच तालुक्यांतून गेला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. क्रूझर ज्या रस्त्यासाठी बनली, तसाच हा रस्ता. पण त्यावर दुचाकीला मुळी परवानगीच नाही! आपल्या वाट्याला उरतो तो अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा १६१ क्रमांकाचा महामार्ग आणि खेड्यांचे फाटे. तिथे ट्रॅक्टर, गुरे, गतिरोधक, हंगामात सोयाबीनच्या गाड्या. साठ-सत्तरच्या वर वेग ठेवणे शहाणपणाचे नाही, आणि तेवढ्या वेगाला दोन्ही गाड्या पुरून उरतात.

फरक आहे तो वजनात. ॲव्हेंजर २२० क्रूझ १६३ किलो, मीटिऑर १९१ किलो. समोरून ट्रक सुसाट गेला की जड गाडी हलत नाही, हा मीटिऑरचा खरा गुण. तिची टाकी १५ लिटरची, ॲव्हेंजरची १३. मीटिऑरला दोन्ही चाकांना एबीएस आहे आणि टायर ट्यूबलेस. खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते, माणूस गावापर्यंत पोहोचतो. ॲव्हेंजर क्रूझची चाके तारांची, आत ट्यूब. पंक्चर झाले की जागीच थांबावे लागते, मात्र कोणत्याही फाट्यावरचा पंक्चरवाला ते काढून देतो. दोन्ही गाड्यांना किक नाही, हे अनेकांना घेतल्यावर कळते. बॅटरी बसली तर १९१ किलो ढकलून पाहावे, मग ११२ किलोच्या स्प्लेंडरची आठवण येते.

रोजच्या कामात आम्हाला सर्वात मोठी अडचण दिसते ती मालाची. शेलूबाजार, अनसिंग, शिरपूरच्या आठवडी बाजाराला जाणारा आपला माणूस मागे कपड्याचा गठ्ठा बांधतो. वेल्डर मशीन नेतो, सुतार हत्यारांची पेटी. क्रूझरची सीट पायरीसारखी, मागचा भाग अरुंद आणि उंच, वर पाठ टेकायची दांडी. गठ्ठा नीट बसत नाही, एका बाजूला कलतो. एकाच सीटची जावा पेराक घेणाऱ्या व्यापाऱ्याला तर आम्ही सलामच करू.

दुसरी बाब घरच्यांची. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून निम्मे चाक झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सक्तीची केली आहे. पण मुले ‘लूक’ बिघडतो म्हणून ती काढून ठेवतात आणि मग बुरखा किंवा ओढणी घेतलेल्या आईला, बहिणीला मागे बसवतात. ही बेफिकिरी जिवावर बेतू शकते. जाळी पुन्हा लावून घ्यायला मिस्त्रीला किती वेळ लागतो?

आता पैसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरच्या गाड्यांचा ४० झाला. वरील दोन्ही गाड्या १८ टक्क्यांत येतात. मात्र दुकानाच्या नावाने बिल फाडून या कराचे क्रेडिट मिळेल, असा समज असेल तर तो सोडावा. माणसे नेणाऱ्या अशा वाहनावर ते मिळत नाही.

करात वाचलेली रक्कम हप्त्यात कशी जाते, तेही पाहावे. दीड लाखाचे कर्ज, ‘फक्त १० टक्के फ्लॅट’, तीन वर्षे. व्याज झाले ४५ हजार, हप्ता सुमारे ५,४१७ रुपये. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण दीड लाखावरच लागते, म्हणून खरा दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. सूद हराम आहे हे सांगायला आलिम मंडळी आहेत. आम्ही फक्त एवढेच विचारतो की ज्या दुकानात १८ टक्के नफा सुटणे मुश्कील, त्याने शौकासाठी तो दर का द्यावा? ४५ हजारांत लग्नसराईच्या साड्यांचा एक बरा लॉट येतो.

आमचे मत असे. आठवड्यातून तीन-चार वेळा अकोला, अमरावती, नांदेड एकट्याने करणारा, रोख देऊ शकणारा असेल, त्याने मीटिऑर घ्यावी. कंबर शाबूत राहील. ज्याचे काम मुख्यतः शहरातले आणि लांबची फेरी कधीमधी, त्याला ॲव्हेंजर हलकी आणि बाजाराच्या गल्लीत वळवायला सोपी. ती सेकंडहँड मिळाली तर उत्तमच, फक्त आरसी आपल्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. आणि गठ्ठा घेऊन बाजार करणाऱ्याने शंभर सीसीची साधी गाडी सोडू नये, मित्र काहीही म्हणोत.

शोरूममध्ये ट्रायल मागताना रिकामी गाडी डांबरी रस्त्यावर फिरवून समाधान मानू नका. मागे घरचे माणूस बसवा, नेहमीचे ओझे बांधा, आणि एक फेरी कच्च्या रस्त्याने मारून या.