जंगल राखले कोणी, मिरवते कोण?

मेळघाटचे जंगल सरकारने वाचवले, ही थाप आता पुरे! १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार हाती येताच इंग्रजांना या डोंगरांत दिसला तो साग. त्यांनी हद्दीचे दगड गाडले, जंगल राखीव ठरवले, कोरकू आदिवासींच्या फिरत्या शेतीला गुन्हा ठरवले आणि कुऱ्हाड मात्र स्वतःच्या हाती ठेवली. साहेब गेला, दगड तसेच राहिले.

१९७३ च्या व्याघ्रप्रकल्पात देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटचा समावेश झाला, हे थोर काम होते, यात वाद नाही. पण १९९४ मध्ये राज्य सरकारने मेळघाट अभयारण्याची हद्द बरीच आटवली, तेव्हा वाघाचा कळवळा कुठे दडी मारून बसला होता? २०२१ मध्ये मुख्यमंत्री रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहितात, अकोला-खंडवा रेल्वे वाघाच्या घरातून नेऊ नका म्हणतात. बरोबरच केले! रुळांना वळसा सुचतो, मग माणसांच्या बाबतीतच का सुचत नाही? व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून उठवून अकोट तालुक्यात आणलेली कोरकू कुटुंबे २०१९ च्या जानेवारीत वैतागून जुन्या गावठाणाकडे परत निघाली आणि त्यांची वनकर्मचारी-पोलिसांशी झटापट झाली. दोन्ही बाजूंची डोकी फुटली. जमीन, पाणी, रोजगार यांची आश्वासने देणारे त्या दिवशी कुठे होते?

आता दूर कशाला, आपल्याच अचलपूर तालुक्यातले पायविहीर पाहा. डोंगराच्या पायथ्याचे छोटे कोरकू गाव. भोवतालचे जंगल नावालाच उरलेले, सारा उघडा माळ. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये ग्रामसभेला सुमारे १९३ हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला आणि चक्र उलटे फिरले. गावाने स्वतःच चराईबंदी, कुऱ्हाडबंदी लावली, चर खोदले, झाडे लावली, रोजगार हमीची मजुरी जंगलातच मिळवली. सीताफळ आणि तेंदूपत्ता ग्रामसभा स्वतः विकू लागली. दोनच वर्षांनी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्काराने या गावाचा गौरव झाला. वनखात्याच्या ताब्यात असताना जे उजाड झाले, ते गावाच्या ताब्यात हिरवे झाले. आणि ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या जंगलतोडे म्हणून हिणवले, त्यांनी ते केले! (हे वाक्य अचलपूरच्या प्रतिष्ठितांनी दोनदा वाचावे.)

प्रतिष्ठितांशी आमचे वेगळे भांडण आहे. सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्या याच डोंगरांतून उतरतात. त्यांवरची धरणे भरतात, म्हणून आपले नळ चालतात, संत्र्याच्या बागा तगतात. बोअर दरवर्षी खोल जातो आणि आपण मात्र रविवारी चिखलदऱ्याला जाऊन भज्यांचे कागद दरीत फेकतो. डोंगर उघडा पडला तर पहिली तहान अचलपूर-परतवाड्यालाच लागणार, मुंबईला नव्हे. तरीही जंगलाच्या प्रश्नावर या जुळ्या शहरांत कधी मोर्चा निघालेला दिसतो का? व्यापारी, बागायतदार, वकील, सारे चिडीचूप! कोरकूचा प्रश्न म्हणजे मेळघाटातल्या कोणाचा तरी प्रश्न, असे समजून आपण पाणी मात्र फुकट पितो.

कायद्याची अडचण सांगू नका. गावाची संमती घेतल्याशिवाय कोणाला हलवू नये, हे कायद्यातच लिहिले आहे. सामूहिक वनहक्काचा दावा ग्रामसभा करते, उपविभागीय समिती तपासते, जिल्हा समिती मंजूर करते. अडते ते टेबलावर, कारण ज्याच्या हाती कुलूप आहे त्याला किल्ली सोडवत नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. अचलपूर, चिखलदरा, धारणी या तिन्ही तालुक्यांतले किती सामूहिक दावे आले, किती मंजूर झाले, किती कोणत्या कारणाने फेटाळले आणि किती कोणाच्या टेबलावर पडून आहेत, याची गाववार यादी संबंधित उपविभागीय अधिकाऱ्यांनी आपापल्या कचेरीच्या फलकावर लावावी, आणि येत्या तेंदू हंगामापूर्वी लावावी. न लावल्यास ती कचेरीच्या दारात उभे राहून मागायला अचलपूरकरांनी पायविहीरकरांच्या सोबत जावे.