गाडीचा पोचा आणि विम्याचा हिशेब



हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या रस्त्यांवर दोनच गोष्टी दिसतात. उसाने भरलेल्या ट्रॉल्या, आणि त्यांच्यामागे ताटकळलेल्या मोटारी. ट्रॉलीबाहेर हातभर आलेला ऊस दाराला घासतो, वळणावर मागची ट्रॉली आत ओढली जाते आणि बंपरला लागते, नाहीतर काट्यासमोरच्या गर्दीत कुणीतरी गाडी मागे घेताना पोचा पाडतो. माणसाला काही झालेले नसते, गाडीही चालती असते. मग डेअरीवर, सोसायटीच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर एकच सल्ला मिळतो : "विमा आहे ना? मग खिशाला चाट कशाला? टाका क्लेम!"

हा सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, म्हणून तो लगेच मिळतो. किरकोळ नुकसानीचा दावा करणे हा बहुतेक वेळा तोट्याचा व्यवहार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो तोटा दिसत नाही, कारण तो एकदम होत नाही. पुढच्या पाच वर्षांच्या हप्त्यांत तो वाटून येतो. उसाच्या बिलातून दहा रुपयांची कपात झाली तरी आपण शेतकी ऑफिसात जाऊन विचारतो. विम्याचा कागद मात्र एजंट देईल तसा घडी घालून डिकीत ठेवतो.

गाडीच्या पॉलिसीत दोन भाग असतात. एक दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते. दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. १९७३ साली सर्वसाधारण विमा सरकारी झाला, चार सरकारी कंपन्या राहिल्या आणि दर सगळीकडे सारखे असत. २००० सालानंतर खासगी कंपन्या आल्या आणि २००७ पासून या दुसऱ्या भागाचे दर खुले झाले. त्यामुळे आज दोन शेजाऱ्यांच्या एकाच बनावटीच्या गाड्यांचा हप्ता वेगळा असू शकतो. पण एक गोष्ट जुन्या दरपत्रकापासून तशीच चालत आली आहे, ती म्हणजे नो क्लेम बोनस.

वर्षभर स्वतःच्या नुकसानीचा दावा केला नाही तर पुढच्या वर्षी त्या भागाच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. सलग दोन वर्षे दावा नाही तर २५, तीन वर्षे नाही तर ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे ५० वरच राहते. आणि एक दावा घेतला, मग तो चार हजारांचा असो की चार लाखांचा, की पुढच्या नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते. एक पायरी खाली नाही, थेट शून्य. पुन्हा पहिलीपासून वर्ग सुरू.

आता आकडेच मांडू. समजा तुमच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सूट धरण्याआधी ८,००० रुपये आहे. चार वर्षे दावा नाही, म्हणून यंदा ४५ टक्के सूट मिळाली आहे. यंदाही दावा केला नाही तर पुढच्या वर्षापासून ५० टक्के, म्हणजे दरवर्षी ४,००० रुपये भरायचे. दावा केला तर पुढच्या वर्षी पूर्ण ८,०००, त्यापुढे ६,४००, मग ६,०००, मग ५,२००, मग ४,४००, आणि सहाव्या वर्षी पुन्हा ४,०००. दोन्हींतला फरक वर्षावर्षाने ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० रुपये. बेरीज १०,००० रुपये. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ११,८००. गाडी जुनी होईल तशी तिची विमा किंमत कमी होते आणि हप्ताही थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्ष फरक यापेक्षा काहीसा कमी येईल. पण एका पोच्याची ही किंमत अंदाजाला धरून ठेवा.

आता दुसऱ्या बाजूला विम्यातून हातात किती पडते ते पाहू. समजा बिल ९,००० रुपयांचे झाले. त्यात प्लॅस्टिकचा बंपर ३,०००, पत्रा सरळ करण्याची मजुरी २,५०० आणि रंगकाम ३,५००. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात. बंपरचे १,५०० गेले. रंगाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे साधारण ४३७ रुपये गेले. वर सक्तीची वजावट असतेच. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला दर दाव्यामागे १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,०००. हाती उरले ६,०६२ रुपये. म्हणजे सहा हजार घेण्यासाठी पावणेबारा हजार द्यायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

दार बदलावे लागले तर पत्र्याच्या भागालाही वयाप्रमाणे घसारा आहे. पहिले सहा महिने काही नाही, पुढे वाढत वाढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के. काचेला घसारा नाही. कुणी म्हणेल, माझी पॉलिसी 'झिरो डेप' आहे, मला हे लागू नाही. बरोबर आहे, घसारा कापणार नाहीत. पण हजाराची वजावट राहतेच, आणि वरच्या उदाहरणात आठ हजार मिळून पावणेबारा हजार जातातच. जादा पैसे भरून बोनस शाबूत ठेवण्याचे कलम घेतले असेल तर मात्र गणित बदलते. तेव्हा आधी आपली पॉलिसी डिकीतून बाहेर काढून वाचावी. शाळेतल्या मुलाकडून वाचून घेतली तरी चालेल, पण वाचावी.

गणित उलट जाते अशाही जागा आहेत, आणि तिथे मी दावा करू नका म्हणणार नाही. ज्याची सूट आज शून्यच आहे त्याचे नुकसान कमी. त्याच आठ हजारांच्या हिशेबाने त्याचा एकूण फरक साधारण ४,००० रुपये आणि कर इतकाच येतो. त्याच वर्षात एक दावा आधीच घेतला असेल तर बोनस गेलेलाच आहे, दुसऱ्या दाव्याने तो आणखी कुठे जाणार? आणि दोन वर्षांत गाडी विकून पुन्हा गाडी घ्यायचीच नसेल तर पाच वर्षांचा फरक धरण्यात अर्थ नाही. मात्र बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, हे पुष्कळांना माहीत नाही. जुनी गाडी विकताना कंपनीकडून दाखला घेतला तर तीच सूट तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर दावा न करताही बोनस बुडतो. गड्याच्या पगाराची तारीख लक्षात राहते, ही का राहू नये?

"इतकी वर्षे पैसे भरले, एकदा तरी वसूल झाले पाहिजेत" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हा विचारच चुकीचा वाटतो. हप्ता म्हणजे सोसायटीतली ठेव नव्हे आणि कारखान्याचा शेअरही नव्हे. मळ्यावर राखणदार ठेवला आणि वर्षभर चोर आला नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे पगार परत मागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीकडे पुराचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा दारातल्या गाड्या बुडाल्या. विमा असतो तो अशा दिवसासाठी. (पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून 'चालते का बघू' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्याने इंजिनात पाणी जाऊन मोडतोड झाली तर ती साध्या पॉलिसीत बसवून घेणे कठीण. गाडी ओढून न्यावी.)

आता गॅरेजवाल्यांबद्दल. सगळे तसे नाहीत, पण गाडी दारात उभी केली की "विमा आहे का?" हा पहिला प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत. विमा आहे म्हटले की बिलाचा आकडा वेगळा आणि रोखीने म्हटले की वेगळा. म्हणून आधी रोखीचा भाव विचारावा, दोन ठिकाणी विचारावा, मग विम्याचे बोलावे. गावातला पत्र्याचा मिस्त्री बरेचदा शोरूमपेक्षा पुष्कळ कमी पैशांत पोचा काढून रंग मारून देतो. शोरूमला तालुक्याला किंवा जिल्ह्याला गाडी सोडायची, सर्व्हेअरची वाट पाहायची, पुन्हा आणायला जायचे, यात दोन-तीन दिवस मोडतात. ऐन तोडणीत ते दिवस फुकट नसतात.

याहून वाईट सल्ला म्हणजे, "मागच्या वर्षीचा तोही ओरखडा यातच बसवून टाकू." याला मी हुशारी म्हणत नाही. प्रत्येक अपघात हा वेगळा दावा आणि प्रत्येकाची वजावट वेगळी, असा नियम आहे. शिवाय जुना गंजलेला पोचा आणि कालचा पोचा सर्व्हेअरला ओळखू येतो. पण पकडले जाण्याची गोष्ट बाजूला ठेवू. मोळीत पाचट आणि वाढे कोंबून वजन वाढवणाऱ्याला आपण काय म्हणतो? त्याच्या जादा वजनाचे पैसे कारखाना देत नाही, बाकीचे सभासद देतात, हे आपल्याला काट्यावर पटते. विम्याची रक्कमही तशीच हजारो लोकांच्या हप्त्यांतून गोळा झालेली असते. आणि दावा घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाताना अर्जावर 'दावा नाही' लिहून सूट मिळवणाराने एक जाणून असावे : हे खोटे उघडकीला आले तर स्वतःच्या नुकसानीचा सगळा लाभ रद्द होऊ शकतो. वाचवले तीन हजार, आणि गाडी चोरीला गेली त्या दिवशी हात रिकामे.

सभासदाच्या ट्रॉलीने सभासदाची मोटार घासली तर काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. कायद्याने मोटारवाल्याला ट्रॅक्टरच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. आठ-नऊ हजारांसाठी तिथे कोण जाणार? तेव्हा दोघांनी मिस्त्रीचा भाव काढून वाटून घ्यावे हे उत्तम, आणि "प्रकरण मिटले, पुढे मागणी नाही" अशी दोन ओळींची चिठ्ठी दोघांच्या सहीने करावी. तोंडी मिटलेले भांडण पुढच्या निवडणुकीत पुन्हा उकरले जाते, हे मी वेगळे सांगायला नको. मात्र पुढे विम्याकडे जायची थोडी जरी शक्यता असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय 'चूक माझी, मी भरतो' असे लिहून देऊ नये. पॉलिसीची तशी अट असते.

हा सगळा हिशेब पत्र्याचा आहे, माणसाचा नाही. कुणाला लागले असेल, मग ते तेव्हा साधे खरचटणे वाटो, तर आपसात मिटवण्याचा विचारही करू नये. जखमीला दवाखान्यात नेणे, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. बैलगाडीवरचा तोडणी मजूर "काही नाही झालं मालक" म्हणतो, कारण त्याला दुसऱ्या दिवशीची खेप बुडवायची नसते. त्याच्या त्या शब्दावर विसंबू नये. थर्ड पार्टीच्या दाव्याने आपला बोनस जात नाही, कारण तो फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागाशी बांधलेला आहे. बोनस जाईल या भीतीने माणसाला वाऱ्यावर सोडणारा माणूस दुप्पट अडाणी म्हणावा लागेल.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठीही थोडे. व्यापारी वर्गातल्या वाहनांच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजूचे भाग आणि तिथला रंग यांचे नुकसान मुळातच वगळलेले असते. ते हवे असेल तर 'आयएमटी २३' हे कलम जादा हप्ता भरून घ्यावे लागते. ते न घेता दिव्याचा दावा टाकणारे हेलपाटे मारून परत येतात. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचा झाला असेही नाही. प्रत्येक ट्रॉलीची नोंद पॉलिसीत लागते. पॉलिसी निव्वळ शेतीकामाची असून दुसऱ्याचा ऊस भाड्याने वाहत असाल तर तेही कंपनीला आधी लेखी विचारून घ्यावे.

म्हणून संचालक मंडळाला आणि शेतकी खात्याला माझी सूचना आहे की तोडणी-वाहतुकीचे करार करताना ट्रॅक्टरच्या पॉलिसीबरोबर प्रत्येक ट्रॉलीची नोंद दाखवणारा कागद मागावा, आणि मागे लाल रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली गटातून गव्हाणीकडे सोडू नये. जिथे हे आधीच होत असेल तिथे चांगलेच आहे. जिथे होत नसेल तिथल्या गट अधिकाऱ्यांनी पुढच्या कराराच्या वेळी सुरुवात करावी. येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडण्यासाठी मी लेखी पत्र देणार आहे. ज्या सभासदांना त्यावर सही करायची असेल त्यांनी सभेच्या आधी मला कारखान्यावर भेटावे.