डोळ्यांचा ताळेबंद

वर्षअखेर मालाची मोजदाद करून ताळेबंद मांडल्यावाचून कोणताही शहाणा व्यापारी नवी वही उघडीत नाही. परंतु ज्या डोळ्यांनी ती वही वाचावयाची, त्यांची वार्षिक तपासणी करण्याची रीत आपल्यात अद्याप पडलेली नाही. गादीवरील बैठ्या व्यवसायात मधुमेह हा आता पाहुणा नव्हे, भागीदारच होऊन बसला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

हा विकार डोळ्यांत चाहूल न देता शिरतो. रक्तातील साखरेने दृष्टिपटलाच्या सूक्ष्म वाहिन्या दुबळ्या होतात, त्यांना बारीक फुगवटे येतात, त्यांतून रक्त व द्रव झिरपू लागतो. तरीही प्रारंभी दृष्टी स्वच्छच असते. ‘मला तर सारे आकडे दिसतात,’ असे म्हणून माझ्या एका स्नेह्यांनी सात वर्षे तपासणी टाळली. एके सकाळी डोळ्यांपुढे काळे जाळे आले, आणि रोजमेळ लिहिण्याचे काम कायमचे चिरंजीवांकडे गेले.

दृष्टिपटलाचे छायाचित्र काही मिनिटांत व वेदनेवाचून निघते, आणि हे बदल आरंभीच दाखविते. इंग्लंडमध्ये मधुमेह्यांची अशी नियमित तपासणी सर्वत्र सुरू झाली. २०१४ सालच्या अहवालानुसार तेथील कामकरी वयाच्या लोकांतील अंधत्वाच्या कारणांत या विकाराचे पहिले स्थान राहिले नाही. २०१८ साली अमेरिकेने छायाचित्र स्वतः पारखणाऱ्या संगणकप्रणालीसही मान्यता दिली.

आपल्या व्यापारी बंधूंनी मोतीबिंदूच्या शिबिरांस आजवर उदार हस्ते देणग्या दिल्या, हे भूषणावहच आहे. पण मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. मधुमेहाने दृष्टिपटलाची झालेली हानी सहसा भरून येत नाही. लेसर व इंजेक्शने मुख्यतः शिल्लक दृष्टी राखतात. म्हणून दानाचा काही भाग आता या तपासणीकडे वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजार उघड झाल्यास बाजारातील पत घटेल, ही भीती कित्येकांना वाटते. पण झाकलेले कर्ज व्याजासह वाढते, हे आपणांस कोणी शिकवावे? दरवर्षी दिवाळीपूर्वी संघाने शिबिर भरवावे. त्यात मालकाबरोबर मुनीम, हमाल आणि घरातील स्त्रियाही असाव्यात. छायाचित्रात दोष आढळल्यास नेत्रवैद्यांकडे विनाविलंब जावे, साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा. नव्या वहीवर पहिली ओळ आपल्याच डोळ्यांनी लिहिता यावी, याहून मोठा नफा कोणता?