सेंद्रिय गूळ : शिक्का कशाचा, हमी कोणाची?

कोल्हापुरात गूळ घ्यायला कुठल्याही दुकानात गेले, की मांडणीवर चार शब्द हमखास दिसतात : सेंद्रिय, नैसर्गिक, विषमुक्त, केमिकल फ्री. गूळ तांबूस किंवा तपकिरी असतो, भाव पिवळ्या गुळापेक्षा चढा असतो. अशी एखादी ढेप हातात घेऊन वेष्टण नीट वाचावे. समोर ठळक अक्षरांत ‘सेंद्रिय’, शेजारी बैलाचे किंवा उसाच्या फडाचे चित्र. मागे वजन, किंमत, पत्ता आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. हा क्रमांक प्रमाणपत्राचाच आहे असे गिऱ्हाइकाला वाटते. प्रत्यक्षात तो खाद्यव्यवसाय करण्याचा परवाना किंवा नोंदणी असते. फरसाणवाल्यालाही तो घ्यावा लागतो. त्या उसाला कोणते खत पडले, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

हा गैरसमज एका वेष्टणापुरता असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण कोल्हापूरच्या गुळाभोवती आता तीन-चार वेगवेगळ्या खुणा जमल्या आहेत. प्रत्येक खूण एकाच प्रश्नाचे उत्तर देते आणि विकणारे-घेणारे दोघेही तिच्याकडून सगळ्या प्रश्नांची उत्तरे गृहीत धरतात. ही सरमिसळ अशीच चालू राहिली, तर शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या या पेठेचे नाव आपण आपल्याच हाताने स्वस्त करून ठेवू.

सरमिसळ कशी होते आणि ती कशी सोडवावी लागते, हे जगात वाइनच्या धंद्याने सर्वांत स्पष्ट दाखवले आहे. द्राक्ष सेंद्रिय पद्धतीने पिकवले म्हणून वाइन सेंद्रिय होते का? युरोपीय संघाने 2012 पर्यंत याचे उत्तर ‘नाही’ असेच दिले होते. तोवर बाटलीवर फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच लिहिता येई, कारण नियम मळ्याला होते, तळघरातल्या प्रक्रियेला नव्हते. 2012 च्या हंगामापासून प्रक्रियेचे नियम आले आणि मगच ‘सेंद्रिय वाइन’ हे नाव मिळाले. त्यातही वाइन टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला पूर्ण बंदी नाही. कोरड्या लाल वाइनला लिटरमागे 100 मिलिग्रॅम आणि पांढरीला 150 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. अमेरिकेचा नियम अधिक कडक. तिथे वरून सल्फाइट घातले, की ‘ऑर्गॅनिक वाइन’ हे नाव गेले. मग ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली’ ही खालची पायरी उरते. म्हणजे एकच बाटली युरोपात सेंद्रिय वाइन ठरते आणि अमेरिकेत ठरत नाही.

जैवगतिक म्हणजे बायोडायनॅमिक शिक्क्याची तऱ्हा आणखी वेगळी. रुडॉल्फ स्टायनर यांच्या 1924 मधल्या व्याख्यानांतून ही पद्धत निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून ते जमिनीत पुरायचे आणि त्यातून तयार झालेले द्रावण शेतावर शिंपडायचे, हा तिचा ओळखीचा भाग. 1928 पासून वापरात असलेला ‘डिमीटर’ हा तिचा शिक्का खासगी संस्थेचा आहे, सरकारचा नाही. तरीही अमेरिकेत डिमीटरने ‘बायोडायनॅमिक वाइन’ आणि ‘बायोडायनॅमिक द्राक्षांपासून केलेली वाइन’ हा भेद ठेवलाच. सरकार असो वा खासगी संस्था, मळा आणि प्रक्रिया यांची हमी वेगवेगळी द्यावी लागते हे दोघांनीही मान्य केले.

आता हेच गुऱ्हाळाला लावून पाहू. उसाचा रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाड धगधगते. रस तापला की रानभेंडीचा चिकट पाला-साल ठेचून केलेले पाणी घालतात. त्याने गाळ वर येतो आणि मळी काढून टाकता येते. इथपर्यंत जुनी रीत. पुढे बऱ्याच ठिकाणी चुना, फॉस्फरिक ॲसिड आणि शेवटी ‘हायड्रॉस’ म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट येते. हायड्रॉसने गुळाचा रंग झटकन पिवळाधमक होतो. त्यातून गुळात जे उरते तेच वाइनमधले सल्फर डायऑक्साइड. शिवाय हा रंग टिकतही नाही. साठवणीत काही महिने गेले की तो गूळ पुन्हा काळवंडतो.

म्हणून ऊस शंभर टक्के सेंद्रिय असला, तरी काहिलीत हायड्रॉसची मूठ पडली की तो गूळ सेंद्रिय राहत नाही. उलटही तितकेच खरे. रासायनिक खतावर वाढवलेल्या उसाचा रस नुसत्या भेंडीवर काढला, तर तो गूळ ‘बिनरसायन प्रक्रियेचा’ झाला, सेंद्रिय नाही. आज बाजारात ‘केमिकल फ्री’ म्हणून विकला जाणारा बराचसा गूळ या दुसऱ्या प्रकारात मोडेल. त्यात खोटे काही नाही, फक्त ते अर्धेच सत्य आहे आणि भाव मात्र पूर्ण सत्याचा लागतो.

शेताकडची बाजूही सोपी नाही. केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकासाठी पेरणीपूर्वी निदान दोन वर्षांचा संक्रमणकाळ धरला जातो, बहुवार्षिक पिकाला पहिल्या काढणीपूर्वी तीन वर्षांचा. अडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो, मागे खोडवा येतो. म्हणजे आज युरियाची गोणी बंद करणाऱ्याला पहिली लावण आणि त्यामागचा खोडवा बहुतेक बिनशिक्क्यानेच विकावा लागणार. करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरीत जमिनीचे तुकडे लहान. एकाच्या बांधापलीकडे दुसरा तणनाशक मारतो. पाणी सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या एकाच पाइपातून सगळ्यांना येते. बऱ्याच ठिकाणी ते पाणी पंचगंगेचे, आणि तिच्या प्रदूषणाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. या परिस्थितीत खरी सेंद्रिय शेती करणारा शेतकरी बांधालगतचा पट्टा सोडतो, चर काढतो, वर्षानुवर्षे नोंदवह्या लिहितो. नुसते वेष्टण छापणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. दोघांचा माल दुकानात शेजारी-शेजारी बसतो.

कायदा या बाबतीत गप्प आहे असेही नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाचे नियम 2017 मध्ये आले आणि 1 जुलै 2018 पासून लागू झाले. सेंद्रिय म्हणून माल विकायचा तर दोनपैकी एक वाट धरावी लागते. पहिली, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमातली, अपेडा या केंद्राच्या कृषिमाल निर्यात प्राधिकरणाच्या देखरेखीखालची त्रयस्थ संस्थेची तपासणी. तिचे बोधचिन्ह ‘इंडिया ऑर्गॅनिक’. दुसरी ‘पीजीएस-इंडिया’ ही सहभाग हमी पद्धत. तिच्यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतो. संक्रमणात असलेल्याला ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पुरे झालेल्याला ‘पीजीएस-ऑर्गॅनिक’ असा दाखला मिळतो. या दोन्ही वाटांनी आलेल्या मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह लावता येते. स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण मग त्याला हे चिन्ह वापरता येत नाही. ही सूट बांधावर आणि आठवडी बाजारात विकणाऱ्यासाठी आहे. दहा गुऱ्हाळांचा गूळ गोळा करून आपल्या नावाने पॅकिंग करणाऱ्या व्यापाऱ्याने तिच्या आडोशाला उभे राहणे ही सरळ पळवाट आहे.

त्यात भौगोलिक मानांकनाची (जीआय) भर पडली. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये ते मिळाले आणि मिळायलाच हवे होते. कारण सीमेपलीकडच्या गुळावर कोल्हापूरचे नाव लागते, ही इथली तक्रार जुनी आहे. पण हे मानांकन गूळ कुठला आहे आणि त्या भागाचे गुण त्यात आहेत का, एवढेच सांगते. तो सेंद्रिय आहे असे ते म्हणत नाही. ‘जीआय टॅग असलेला शुद्ध सेंद्रिय गूळ’ असे एका दमात लिहिणारी जाहिरात दोन वेगळ्या दाखल्यांची मोट बांधते, आणि त्यांपैकी निदान एक दाखला हातात नसण्याचीच शक्यता जास्त.

परदेशी विक्रीचा मोह असलेल्यांनी तर अधिक सावध राहावे. युरोपीय संघाने भारताच्या सेंद्रिय पद्धतीला दिलेली समकक्षता प्रक्रिया न केलेल्या वनस्पतिजन्य मालापुरती आहे. गूळ हा प्रक्रिया केलेला माल आहे. त्यामुळे ‘इंडिया ऑर्गॅनिक’ चिन्हावर तो युरोपात आपोआप सेंद्रिय म्हणून शिरू शकत नाही, त्यासाठी युरोपच्या नियमांचे प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. पीजीएसचा दाखला तर देशांतर्गत बाजारासाठीच आहे. अमेरिकेने जानेवारी 2021 मध्ये अपेडाशी असलेला मान्यता करार संपवला आणि भारतीय निर्यातदारांना थेट अमेरिकी मानकांच्या प्रमाणपत्राकडे वळावे लागले. त्याच वर्षी, भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडण्याच्या प्रकरणानंतर, युरोपीय संघाने भारतातल्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. त्याआधी 2020 मध्ये सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकसंस्थेने भारतातून आलेल्या 20 हजार टन कापसाची प्रमाणपत्रे बनावट असल्याचे जाहीर केले होते.

तीळ आणि कापूस यांतून गुळाने घेण्यासारखा धडा एकच आहे. फसवणूक काहींनी केली, पण तपासणी वाढली ती सगळ्यांची. खर्च वाढला तो प्रामाणिक गटाचा, आणि अविश्वासाने पाहिले गेले ते देशाच्या नावाकडे.

यावर गुऱ्हाळमालकांचा आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. गुऱ्हाळे आधीच कमी होत चालली आहेत. मजूर मिळत नाहीत, कसबी गुळव्या मिळणे त्याहून कठीण, ऊस साखर कारखाना ओढून नेतो. अशा माणसाला ‘आधी कागदपत्रे आण’ म्हणणे क्रूर वाटू शकते. शिवाय त्रयस्थ तपासणीचा खर्च एकट्यादुकट्याला परवडत नाही. गटातून केले, तर आजवर प्रमाणपत्र बहुतेकदा गट चालवणाऱ्या कंपनीच्या नावावर राहत आले आणि शेतकऱ्याला आपला सेंद्रिय माल दुसऱ्या कुणाला त्या नावाने विकता येत नसे. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या आठव्या आवृत्तीने शेतकरी गटाला कायदेशीर अस्तित्व देण्याची अट घातली, ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून महत्त्वाची आहे.

मात्र आक्षेपाचे खरे मूळ कागदपत्रांत नाही, सौद्यात आहे. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात, तेव्हापासून हंगामभर व्यापारी रवा म्हणजे गुळाची ढेप फोडून आधी रंग पाहतो, मग कण आणि चव. कोल्हापुरी गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरात आणि तिथे फिकट पिवळ्या गुळाला मागणी. पिवळ्याला चढा भाव मिळणार असेल, तर गुऱ्हाळमालकाच्या हातात हायड्रॉस बाजारानेच दिले म्हणायचे. आता दुसऱ्या टोकाला शहरी गिऱ्हाईक गडद रंगालाच सेंद्रिय समजू लागले आहे. ही समजूतही तितकीच घातक. गूळ गडद होण्याची कारणे अनेक आहेत : जमीन, उसाची जात, रस जास्त आटणे, मळी नीट न काढणे, जुना साठा. पिवळा म्हणजे उत्तम ही चूक होतीच, काळा म्हणजे सेंद्रिय ही तिची जुळी बहीण आहे. रंगावर भाव ठरेल तोवर रंग तयार करून देणारा कुणीतरी निघणारच.

म्हणून सुरुवात बाजार समितीच्या आवारातून व्हायला हवी. सेंद्रिय दाखल्याच्या आणि बिनहायड्रॉस गुळाचे सौदे वेगळे काढावेत. आवारात सल्फर डायऑक्साइडची जागच्या जागी चाचणी व्हावी आणि तिचा आकडा पट्टीवर लिहिला जावा. कोल्हापुरातच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. गुळासाठी चांगला म्हणून ओळखला जाणारा को 92005 हा वाण या केंद्राच्या कामाशी जोडलेला आहे. गुऱ्हाळांच्या गटांना पीजीएसच्या नोंदी शिकवण्यासाठी या केंद्राची मदत घेता येईल. ज्यांना शेत आणि प्रक्रिया ही दोन्ही टोके जमत नाहीत, त्यांनी जे खरे आहे तेवढेच छापावे : ‘ऊस सेंद्रिय’ किंवा ‘प्रक्रिया हायड्रॉसविना’. वाइनवाल्यांनी अशा अर्ध्या नावांवर वर्षानुवर्षे धंदा केला आणि त्यात त्यांची पत गेली नाही.

ग्राहकाचे काम सोपे आहे. ‘सेंद्रिय’ शब्द दिसला की शेजारी ‘जैविक भारत’ चिन्ह आहे का पाहावे. नसेल तर विकणारा स्वतः पिकवणारा आहे का, हे विचारावे. तसाही नसेल तर तो गूळ साध्या गुळाच्या भावाने घ्यावा किंवा ठेवून द्यावा. चढा भाव फक्त दाखल्याला द्यावा, रंगाला आणि चित्राला नाही. बाजार समिती, गुऱ्हाळमालक आणि व्यापारी यांनी ही शिस्त आता स्वतःहून लावून घेतली नाही, तर ती बाहेरून लादली जाईल, आणि तेव्हा खऱ्या सेंद्रिय गुळालाही कोल्हापूरच्या वेशीबाहेर आपला खरेपणा सिद्ध करत बसावे लागेल.